म्हाताऱ्या कुत्र्याला अचानक एकटे राहण्याची भीती वाटू लागली आहे, काय करावे?

प्रश्न : मृद्गंध

नमस्कार. आमचा टायगर आता तेरा वर्षांचा आहे. अगदी लहान पिल्लू असल्यापासून तो आमच्याकडे आहे आणि आम्ही दोघे कामाला गेल्यावर घरी एकटे राहणे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. गेल्या काही महिन्यांत मात्र ही घडी पूर्ण विस्कटली आहे. मी पायांत बूट घालू लागले की तो धापा टाकायला लागतो, दार लावून घेतले की भुंकायला लागतो, आणि शेजारी सांगतात की हे भुंकणे आणि मधूनच विव्हळणे बराच वेळ चालते. परत आल्यावर मुख्य दाराच्या चौकटीचा खालचा भाग ओरबाडलेला असतो, त्याच्या छातीवरचे केस लाळेने ओले झालेले असतात, दाराजवळ लघवी झालेली असते आणि जाताना भांड्यात ठेवलेले खाणे जसेच्या तसे पडलेले असते. एकदा तर पुढच्या पायाचे नख तुटून रक्त आले होते.

घरी कोणी असले तरी तो पूर्वीसारखा निर्धास्त नसतो. या खोलीतून त्या खोलीत आमच्या मागे मागे फिरतो, न्हाणीघराचे दार लावले तर बाहेर उभा राहून कुरकुरतो. संध्याकाळ झाली की त्याची अस्वस्थता वाढते. हाक मारली तर कधी येतो, कधी ऐकलेच नाही असे वागतो, आणि मध्यंतरी तो दाराच्या मागच्या कोपऱ्यात तोंड करून नुसता उभा असलेला मला दिसला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

ओळखीच्या लोकांनी तीन सल्ले दिले आहेत : पिंजऱ्यात ठेवा, सोबतीला एक पिल्लू आणा, किंवा दुर्लक्ष करा म्हणजे आपोआप शांत होईल. यांतला एकही मला पटत नाही. हे वयामुळे आहे की भीतीमुळे, या वयात त्याला नव्याने काही शिकवता येते का, आणि औषधे देणे सुरक्षित आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे. त्याच्या वाट्याला आलेली उरलेली वर्षे त्याने दाराशी रडत काढावीत, हे मला बघवत नाही.

प्रतिसाद : पाऊलवाट

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते आणि म्हातारी कुत्री रोज पाहते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुमच्या वर्णनातली सर्वांत महत्त्वाची बाब ही की हे अलीकडे सुरू झाले आहे. तरुण कुत्र्याला एकटे राहता येत नसेल, तर पुष्कळदा ती सवय त्याला मुळात लागलेलीच नसते. पण जो कुत्रा आयुष्यभर निवांत एकटा राहिला, तो उतारवयात घाबरू लागला, तर त्याच्या शरीरात किंवा मेंदूत काय बदलले आहे हे आधी शोधले पाहिजे. शिकवणे त्यानंतर. नाहीतर दुखणाऱ्या कुत्र्याला आपण धीर धरायला शिकवत बसतो आणि दुखणे तसेच राहते.

पहिला संशय दुखण्याचा घ्यावा. सांधे दुखणारा कुत्रा क्वचितच ओरडतो. तो उठायला वेळ लावतो, एकच सांधा चाटत बसतो, गुळगुळीत फरशीवर जपून पाय टाकतो, पायऱ्या टाळतो. सतत दुखत असलेले जनावर लहानशा आवाजानेही दचकू लागते, आणि एकटे असताना असे दचकणे झाले की एकटेपणाचीच धास्ती बसते. दातांचे दुखणेही असेच लपून राहते, म्हणून तोंड उघडून नीट पाहायला सांगा.

दुसरी गोष्ट लघवीची. ती फक्त तुमच्या गैरहजेरीत होते की तुम्ही घरी असतानाही होते, याकडे लक्ष द्या. तुमच्यासमोरही होत असेल, किंवा तो पाणी पूर्वीपेक्षा जास्त पीत असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढण्याचा आजार) यांपैकी काही असू शकते. घरात घाण करायची नाही हे ज्याला आयुष्यभर माहीत आहे, त्याला लघवी दाबून ठेवता न येणे हेच घाबरण्याचे कारण होऊ शकते. निरोगी असला तरी म्हातारा कुत्रा तरुणपणाइतके तास कळ काढू शकत नाही.

तिसरी आणि मला तुमच्या बाबतीत खरी काळजी वाटते ती गोष्ट म्हणजे मेंदूचे वार्धक्य. माणसातल्या स्मृतिभ्रंशाशी मिळताजुळता आजार कुत्र्यांतही होतो. मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि दिशाभान, झोपेचे चक्र, ओळख, शिकलेल्या सवयी हळूहळू ढासळतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेल्या आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 11 ते 12 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 28 टक्के कुत्र्यांत, तर 15 ते 16 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 68 टक्के कुत्र्यांत याचे किमान एक लक्षण आढळले होते. कोपऱ्यात तोंड करून उभे राहणे आणि संध्याकाळी वाढणारी अस्वस्थता ही लक्षणे त्या यादीत बसतात. तो रात्री जागून येरझाऱ्या घालतो का, दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभा राहून ते उघडण्याची वाट पाहतो का, फर्निचरच्या मागे अडकल्यावर मागे सरकणे त्याला सुचत नाही का, हे नोंदवून ठेवा. मात्र एवढ्यावरून निदान पक्के मानू नका, कारण दृष्टी किंवा श्रवणशक्ती कमी झालेला कुत्राही असाच गोंधळल्यासारखा दिसतो.

तेव्हा रक्ताची आणि लघवीची तपासणी, रक्तदाब, थायरॉइड, डोळे, कान, दात आणि सांधे हे सगळे एकदा बघून घ्या. जाण्यापूर्वी तुमच्या गैरहजेरीतले चित्रण करा. घरातला जुना मोबाईल एका जागी उभा करून ठेवला तरी काम भागते. पशुवैद्यासमोर टायगर जसा वागेल त्यापेक्षा त्या चित्रणातला टायगर त्यांना अधिक सांगून जाईल. आणि तपासणी होईपर्यंत घरातली माणसांची वेदनाशामक गोळी त्याला देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधे कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात.

प्रतिसाद : निवांत

पाऊलवाट यांनी तपासणीचे लिहिलेच आहे, म्हणून मी तिथून पुढचे लिहितो. आमच्या कुत्रीला उतारवयात हाच त्रास झाला होता आणि ती त्यातून बऱ्यापैकी सावरली, तेव्हा या वयात शिकवता येते का या प्रश्नाचे माझे उत्तर ठाम होकारार्थी आहे. फक्त वेग तिचा असला पाहिजे, आपला नव्हे.

आधी त्या तीन सल्ल्यांबद्दल. घाबरलेल्या कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडले तर त्याची भीती आणखी वाढते. गज चावून दात मोडलेली आणि नखे उखडलेली कुत्री पशुवैद्यांकडे येतात. टायगरचे नख आधीच तुटले आहे, त्यामुळे हा विचार मनातून काढून टाका. पिल्लू आणून बहुतेक वेळा उपयोग होत नाही, कारण त्याला कुत्र्याची सोबत नको आहे, तुम्ही हवे आहात. शिवाय सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर दिवसभर उड्या मारणारे पिल्लू म्हणजे नवा छळच. आणि दुर्लक्ष केल्याने ही भीती विरत नाही. रोज तासन्‌तास घाबरून राहिल्याने कुत्र्याला सवय होत नाही, उलट प्रत्येक दिवस आधीच्या दिवसाची भीती पक्की करत जातो.

म्हणून पहिले काम असे की, शिकवणे चालू असेतोवर त्याला भीती वाटेल इतका वेळ एकटे ठेवायचेच नाही. हे ऐकायला अशक्य वाटते, याची मला कल्पना आहे. पण दोघांच्या कामाच्या वेळा थोड्या मागेपुढे करणे, काही दिवस घरून काम करणे, नातेवाईक किंवा शेजारी यांना घरात बसायला बोलावणे, कुत्री सांभाळणाऱ्या एखाद्या भरवशाच्या माणसाकडे ठेवणे, गाडीत बसवून सोबत नेणे (अर्थात बंद गाडीत त्याला एकट्याला कधीच सोडू नये), असे तुकडे जोडत गेले की आठवड्यातला बराच भाग भरून निघतो. बहुतेक कुत्र्यांना अमुक एक माणूस लागत नाही, कोणीतरी माणूस चालतो. टायगरचे तसे आहे का, हे आधी पाहून घ्या, कारण त्यावर तुमची अर्धी व्यवस्था अवलंबून आहे.

आता शिकवण्याचे. तो कितव्या क्षणाला अस्वस्थ होतो हे चित्रणातून शोधा आणि त्या क्षणाच्या बरेच आधी परत या. आमच्याकडे सुरुवात दाराबाहेर जाण्यानेही झाली नव्हती. कुत्री गादीवर बसलेली असताना मी दारापर्यंत चालत जायचो, कडीला हात लावायचो आणि परत येऊन पुस्तक वाचत बसायचो. कडीच्या आवाजाला तिचे कान टवकारले जात, मान वर उठे, तोंड मिटे. त्यानंतर ती पुन्हा मान टेकवून मोकळा श्वास सोडेपर्यंत मी पुढची फेरी करत नसे. कडी वाजली तरी मान उठत नाही असे झाल्यावर दार फटीएवढे उघडणे आले, मग बाहेर पाऊल टाकून लगेच आत येणे, मग दार ओढून घेऊन काही सेकंद थांबणे. पहिले काही मिनिटे गाठेपर्यंतचा काळ सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा असतो. पुढे अंतर तुलनेने भराभर वाढते.

वेळ सरळ चढत्या क्रमाने वाढवू नका. वीस सेकंद, मग पाच, मग तीस, मग दहा असे मिसळत गेल्यास दर वेळचे जाणे आधीपेक्षा अवघडच असणार, असा त्याचा समज होत नाही. चार-पाच फेऱ्यांनंतर थांबा, कारण म्हातारा कुत्रा लवकर थकतो; आणि ज्या दिवशी त्याचे सांधे अधिक दुखत असतील किंवा रात्री झोप झाली नसेल, त्या दिवशी सुट्टी द्या. अस्वस्थता ओळखायला भुंकण्याची वाट पाहू नका. झोप आलेली नसताना जांभया देणे, जीभ वारंवार नाकावर फिरवणे, गरम होत नसताना धापणे, दाराकडे टक लावणे, उठून उभे राहणे ही सगळी आधीची लक्षणे आहेत.

बूट, किल्ल्या आणि पिशवी यांचा बाहेर जाण्याशी जुळलेला संबंधही सैल करावा लागतो. किल्ल्या उचलून स्वयंपाकघरात जा, बूट घालून टीव्हीसमोर बसा. पण हे दिवसभर करत राहिलात तर बिचारा दिवसभर तणावात राहील, म्हणून थोडे आणि तो निवांत असतानाच करा.

खाण्याबद्दल एक सावधगिरी. जाताना खाण्याने भरलेले खेळणे देण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि निरोगी कुत्र्यासाठी तो उत्तमच आहे, परंतु टायगर एकटा असताना घास शिवत नाही, याचा अर्थ त्याची भीती भुकेवर मात करते आहे. अशा वेळी ते खेळणे आमिष न राहता "आता हे जाणार" अशी सूचनाच बनते. तुम्ही घरात असताना ते जरूर द्या.

आणि कृपा करून परतल्यावर ओरडू नका. कान पाडून, नजर चुकवून उभा असलेला कुत्रा चूक कबूल करत नसतो. तो आपल्या आवाजाला आणि चेहऱ्याला घाबरलेला असतो. निघताना अजिबात न बोलता तुटकपणे जावे, या जुन्या नियमाचाही मी आग्रह धरणार नाही. शांतपणे दोन क्षण पाठीवरून हात फिरवल्याने कुत्रा बिघडत नाही.

मृद्गंध

दोघांचेही मनापासून आभार. तपासणी करून आले. रक्त आणि लघवी ठीक आहे, पण दोन्ही खुब्यांत संधिवात बराच आहे आणि ऐकू येणेही खूपच कमी झाले आहे, म्हणजे हाकेला न येण्याचा उलगडा झाला. दुखण्यावर औषध सुरू केले आहे. मेंदूच्या वार्धक्याची सुरुवात असू शकते, परंतु दुखणे आटोक्यात आल्यावर पुन्हा पाहू, असे डॉक्टर म्हणाले.

चित्रणात एक गोष्ट दिसली, ती विचारायची आहे. तो गाढ झोपलेला असताना आम्ही हळूच निघून गेलो, तर सुरुवातीला काहीच होत नाही. मग त्याला जाग येते. तो मान उचलून इकडेतिकडे बघतो, लंगडत लंगडत एकेक खोली हुंगून येतो, न्हाणीघराच्या दाराशी थांबतो, आणि कुठेच कोणी सापडले नाही की मुख्य दाराशी येऊन जो आकांत मांडतो तो जागेपणी सोडून गेल्यावर होतो त्यापेक्षाही भयंकर असतो. झोपेत असताना निघून जाणे बरे, असे आम्हांला वाटत होते. ते बंद करावे का?

प्रतिसाद : सांजसावली

होय, ते बंद करावे. आमचा कुत्रा पूर्ण बहिरा झाल्यावर आम्हांला हेच उमगले, म्हणून लिहिते.

ऐकू येणारा कुत्रा झोपेतही घराचा माग ठेवतो. पावले, भांडी, दार, गाडी यांच्या आवाजांतून कोण आहे आणि कोण गेले हे त्याला कळत असते. बहिऱ्या कुत्र्याला हे काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने माणसे कोणत्याही क्षणी, कसलीही चाहूल न देता नाहीशी होऊ शकतात. मग तो झोपायलाच धजत नाही आणि जागेपणी डोळ्यांसमोरून हलू देत नाही. टायगर खोल्याखोल्यांतून मागे फिरतो, त्याचे मोठे कारण मला हेच वाटते.

म्हणून निघताना त्याला कळू द्या. झोपला असेल तर एकदम स्पर्श करू नका, कारण दचकून तो चावूही शकतो; आधी नाकाजवळ हात धरा, वास जाऊन त्याने डोळे उघडले की खांद्यावर ठरलेल्या पद्धतीने दोनदा थोपटा आणि मगच निघा. परत आल्यावर दुसरी खूण करा, उदाहरणार्थ छातीवर हात फिरवणे. घरातल्या घरात दुसऱ्या खोलीत जातानाही याच खुणा वापरा, म्हणजे थोपटण्यानंतर माणूस परत येतो हा अनुभव दिवसातून अनेकदा, भीतीशिवाय, त्याला मिळत राहील. निवांत यांनी सांगितलेल्या फेऱ्यांतही कडीच्या आवाजाऐवजी तुमच्या स्थितीत हा स्पर्श आणि दार हलताना दिसणे हीच खरी सूचना असणार आहे.

घराच्या मांडणीतही थोडा बदल करा. गादीपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत घट्ट बसणाऱ्या, न सरकणाऱ्या सतरंज्या किंवा रबरी चटया टाका. खुबे दुखणारा कुत्रा घाबरून धावताना फरशीवर घसरून पडला तर दुखणे आणि भीती दोन्ही वाढतात. गादी जाड आणि जमिनीलगत असावी. तुमचा वापरलेला, न धुतलेला कपडा तिथे ठेवा, कारण नाक बहुधा शेवटपर्यंत साथ देते. संध्याकाळी अंधार पडण्याआधीच दिवे लावा आणि फर्निचरच्या जागा बदलू नका. निघण्यापूर्वी त्याला लघवीला नेऊन आणणे हे तर हवेच.

प्रतिसाद : पाऊलवाट

सांजसावली यांनी लिहिलेले मला पूर्णपणे पटते. आता औषधांबद्दल, कारण तो प्रश्न राहिला होता.

भीती कमी करणारी औषधे म्हणजे कुत्र्याला गुंगीत ठेवणे, हा समज सोडून द्यायला हवा. क्लोमिप्रामीन आणि फ्लुओक्झेटीन ही दोन औषधे कुत्र्यांमधल्या याच त्रासासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अनुक्रमे 1998 आणि 2007 साली मान्य केली आहेत, आणि शिकवण्याच्या जोडीनेच ती द्यावयाची असतात. त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे जातात, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात फरक नाही म्हणून निराश होऊ नका. मधल्या काळासाठी ट्रॅझोडोन किंवा गॅबापेन्टिनसारखे लवकर काम करणारे औषध पशुवैद्य देऊ शकतात; गॅबापेन्टिनचा काही प्रकारच्या दुखण्यातही उपयोग होतो. मात्र माणसांसाठी मिळणाऱ्या गॅबापेन्टिनच्या पातळ औषधात झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असू शकतो आणि तो कुत्र्यांना विषारी असतो, म्हणून ते औषध परस्पर आणून देऊ नका. केवळ एसप्रोमॅझीन हे गुंगी आणणारे औषध दिले जात असेल तर प्रश्न विचारा, कारण त्याने शरीर सुस्त पडते पण आतली भीती तशीच राहू शकते.

मेंदूच्या वार्धक्यासाठी सेलेजिलीन नावाचे औषध वापरले जाते. ते आणि वरची क्लोमिप्रामीन किंवा फ्लुओक्झेटीन ही औषधे एकत्र देता येत नाहीत. तसे झाल्यास जिवावर बेतू शकते, आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. सांधेदुखीच्या काही औषधांबरोबर फ्लुओक्झेटीन देताना पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढू शकतो. टायगरला आधीच दुखण्याचे औषध चालू आहे, तेव्हा प्रत्येक भेटीत सगळ्या औषधांची, पूरक आहाराचीसुद्धा, लेखी यादी पशुवैद्यापुढे ठेवा. मध्यम साखळीच्या मेदाम्लांचे तेल असलेला वृद्ध कुत्र्यांसाठीचा आहार मेंदूच्या वार्धक्यात काही कुत्र्यांना उपयोगी पडतो. तो सुरू करायचा असल्यास आठवडाभरात हळूहळू बदल करा.

माझ्या मते तुमच्या बाबतीत क्रम असा असावा : दुखण्याच्या औषधाला दोन-तीन आठवडे द्या, त्या काळात त्याला एकटे ठेवणे शक्य तितके टाळा आणि स्पर्शाच्या खुणा घरातच पक्क्या करा. त्यानंतर नवे चित्रण घ्या. दुखणे कमी होऊनही तो दाराशी तसाच आकांत करत असेल, तर भीतीच्या औषधाचा विषय तुम्ही स्वतःहून काढा, आणखी वाट पाहू नका. ते सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत भूक थोडी मंदावणे किंवा जास्त झोप येणे दिसू शकते. पण त्याने दिवसभर काहीच खाल्ले नाही, उलट्या होऊ लागल्या, शी काळी होऊ लागली किंवा तो थरथरू लागला, तर पुढची गोळी देण्याआधी दवाखान्यात फोन करा. आणि बरे वाटते आहे म्हणून कोणतेही औषध एकदम थांबवू नका, ते पशुवैद्याच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच कमी करायचे असते.